तिला निघून जाता येतं का?

प्रेमकथांमधल्या दांडगट नायकाचा विषय निघाला की बोलणाऱ्यांचे लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, असल्या कथा बायकांना गुलामी शिकवतात, त्या वाचूच नयेत. दुसरा म्हणतो, गोष्ट ती गोष्ट. वाचणारीला खरं काय नि खोटं काय ते कळतं, तुम्ही कोण सांगणारे? मला दोन्हीकडचं थोडं थोडं पटतं आणि दोन्हीकडे काहीतरी निसटतंय असंही वाटतं. त्यामुळे अशी कथा हातात आली की नायक किती तापट आहे, त्याच्या दारात गाड्या किती आहेत, तो तिचं मनगट किती करकचून धरतो, हे मी नंतर बघते. आधी बघते ते हे, की नायिकेने उद्या उठून त्या घरातून, त्या नात्यातून बाहेर पडायचं ठरवलं तर तिला पडता येईल का? तिच्यापाशी स्वतःचे पैसे आहेत का? जायला ठिकाण आहे का? आणि ती निघालीच, तर तो तिला जाऊ देईल का?

जिला जाता येत होतं आणि तरी जी राहिली, तिच्या राहण्याला प्रेम म्हणायला माझी काहीच हरकत नाही, मग तो नायक कितीही तुसडा असो. जिला जाताच येत नव्हतं, तिच्या राहण्याला प्रेम म्हणण्याआधी मात्र लिहिणारीने आणि वाचणारीनेही जरा थांबावं.

हा नायक आजचा नाही. इंग्रजीत तो १७४० सालीच भेटतो. सॅम्युअल रिचर्डसनच्या ‘पामेला’त एक कोवळ्या वयाची मोलकरीण आहे आणि तिचा मालक तिच्या मागे लागलाय. तो तिला दूरच्या बंगल्यात डांबतो, तिची पत्रं हस्तगत करतो, तिच्यावर जबरदस्ती करू बघतो. ती बधत नाही. शेवटी तो तिच्याशी लग्न करतो, आणि हे तिच्या सद्गुणांचं बक्षीस आहे असं पुस्तकाचं उपशीर्षकच सांगतं. १९१९ मध्ये ई. एम. हल या लेखिकेच्या ‘द शेख’मध्ये वाळवंटात फिरायला गेलेल्या इंग्रज तरुणीला एक अरब सरदार पळवून नेतो, तिच्यावर बलात्कार करतो, आणि ती त्याच्या प्रेमात पडते. दोन वर्षांत त्यावर मूकपट निघाला आणि रुडॉल्फ व्हॅलेंटिनोवर बायका लुब्ध झाल्या. १९७२ मध्ये अमेरिकेत कॅथलीन वुडिविसची ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ आली. तिच्यातला जहाजाचा कप्तान नायिकेला वेश्या समजून पहिल्याच भेटीत तिच्यावर जबरदस्ती करतो, ती गरोदर राहते, दोघांचं लग्न लावलं जातं, आणि मग हळूहळू सुख. पुस्तक लाखांनी खपलं आणि पुढे कितीतरी वर्षं त्याच साच्यातल्या कादंबऱ्यांची रांग लागली. मालकाचा बंगला, वाळवंट, पोटातल्या मुलामुळे गळ्यात पडलेलं लग्न: तिन्ही नायिकांना बाहेरची वाट नाही. प्रेम त्यानंतर येतं.

पण त्याच इंग्रजीत दुसरी परंपरा आहे आणि ती जास्त चांगल्या लेखिकांची आहे. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (१८१३) एलिझाबेथला दोन पुरुष मागणी घालतात. पहिला कॉलिन्स. ती नाही म्हणते तेव्हा तो हसतमुखाने सांगतो की मुली मनातून हो असतानाही आधी नाही म्हणतात, ते त्याला ठाऊक आहे, म्हणून तो मुळीच नाउमेद झालेला नाही. ती परत नाही म्हणते, तो परत तेच. दुसरा डार्सी. अहंकारी, श्रीमंत, माणसात न मिसळणारा. त्यालाही ती नाही म्हणते, चांगलं झणझणीत सुनावते. तो काय करतो? तिची माफी मागून निघून जातो, दुसऱ्या दिवशी आपली बाजू मांडणारं एक पत्र हातात देतो, आणि तो विषय पुन्हा काढत नाही. पुढे कितीतरी महिन्यांनी तो परत विचारतो तेव्हाही आधी सांगतो की तुमच्या एका शब्दावर मी हे कायमचं बंद करीन.

आजच्या दांडगट नायकाला लोक डार्सीचा वंशज म्हणतात. मला ते चूक वाटतं. नाही म्हणणाऱ्या बाईच्या मनात हो असतं हे ज्याला पक्कं ठाऊक आहे तो कॉलिन्स. त्याला उंची दिली, कंपनी दिली, धारदार नजर दिली, की हा नायक तयार होतो. ऑस्टिनला हा माणूस किती असह्य आहे ते दोनशे वर्षांपूर्वी दिसलं होतं. एलिझाबेथची परिस्थितीही लक्षात घेण्यासारखी आहे. बापाची मिळकत मुलींकडे जाणार नाही, घर कॉलिन्सकडेच जाणार, नोकरीचा प्रश्नच नाही. तिच्यासाठी दार जेमतेम किलकिलं होतं. तेवढ्या फटीतून ती दोघांना नाही म्हणते. कादंबरीतला सगळा ताण, सगळी गंमत त्या नकारातून निघते.

शार्लट ब्राँटेने हे आणखी पुढे नेलं. ‘जेन एअर’मधला (१८४७) रॉचेस्टर खरोखरच वाईट वागतो. लग्नाची बायको घराच्या वरच्या मजल्यावर कोंडलेली असताना तो जेनशी दुसरं लग्न करायला निघतो. हे उघड झाल्यावर जेन राहत नाही. तिचं त्याच्यावर अतोनात प्रेम आहे, तो विनवतो, चिडतो, आणि ती पहाटे बाहेर पडते. जवळ वीस शिलिंग. सामानाचं गाठोडं गाडीत राहून जातं, माळावर उपाशी फिरते, डुकरासाठी टाकायला काढलेली लापशी मागून खाते. ब्राँटेने हे सगळं तपशीलवार लिहिलंय, घाईने उरकलेलं नाही. जेन परत जाते ती चुलत्याचा वारसा मिळाल्यावर. वीस हजार पौंडांतले तीन वाटे तीन भावंडांना देऊन स्वतःचे पाच हजार घेऊन जाते, आणि गेल्या गेल्या सांगते की मी आता स्वतंत्र आहे. तोवर रॉचेस्टरचं घर जळालेलं, एक हात गेलेला, दृष्टी गेलेली. त्याला आंधळा करायची गरज होती का यावर वाद घाला. पण ती परत येते तेव्हा कुणाच्याही दयेवर नसते, आणि म्हणून तिचं येणं आपल्याला भिडतं.

या दोन पुस्तकांनंतर आलेल्या हजारो प्रेमकथांनी नायकाचा तुसडेपणा उचलला. नायिकेचा नकार आणि तिचं घर सोडणं फारसं उचललं नाही. मिल्स अँड बून ही प्रकाशन कंपनी १९०८ मध्ये लंडनला सुरू झाली, १९७१ मध्ये कॅनडाच्या हार्लेक्विनने ती घेतली, आणि ग्रीक जहाजमालक, इटालियन उमराव, खडूस सर्जन असे नायक जगभर पोचले. भारतात कंपनीने २००८ मध्ये रीतसर दुकान मांडलं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून मुंबई-पुण्याच्या सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांत आणि स्टेशनांवरच्या स्टॉलवर ती पातळ पुस्तकं होतीच. २०११ ची ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ हे त्याच घराण्याचं सर्वांत खपलेलं अपत्य. टीकाकार एक गोष्ट विसरतात, की पहिल्या भागाच्या शेवटी नायिका त्याला सोडून जाते. मला ते वाचताना बरं वाटलं होतं. पण दुसऱ्या भागात ती काही दिवसांतच परत येते, आणि तिला ज्या प्रकाशन संस्थेत नोकरी लागली ती संस्थाच तो विकत घेतो. बाहेर पडून तिने जे मिळवलं तेही त्याच्या मालकीचं झालं. हा तपशील मला त्या पुस्तकातल्या सगळ्या चाबकांपेक्षा जास्त भयंकर वाटतो.

आता वाचणाऱ्यांकडे वळते, कारण त्यांच्याबद्दल फार उर्मटपणे बोललं जातं. मी बरीच वर्षं एका तालुक्याच्या गावच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसत असे. दुपारी तीन-साडेतीनला, स्वयंपाकघर आवरल्यावर आणि मुलं शाळेतून यायच्या आत, बायका यायच्या. शैलजा राजे, योगिनी जोगळेकर, कुसुम अभ्यंकर, स्नेहलता दसनूरकर यांची पुस्तकं कपाटात टिकायची नाहीत. पाठीमागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के मावायचे नाहीत. पुष्कळजणी उभ्या उभ्या शेवटचं पान उघडून बघायच्या. त्यात काय शोधतात हे मला हळूहळू कळलं. शेवटी तिचं बरं होतं ना, एवढंच. याच बायकांचे नवरे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा ढिगाने न्यायचे. त्या वाचून हे उद्या दरोडे घालतील अशी काळजी कुणी केली नाही. बायकांच्या वाचनाचीच तेवढी सगळ्यांना चिंता.

जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८४ मध्ये ‘रीडिंग द रोमान्स’ हे पुस्तक लिहिलं. एका ठिकाणच्या प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांशी त्या बोलल्या होत्या. त्यांना आढळलं की या बायकांना क्रूर नायक मुळीच आवडत नाही, बलात्काराचे प्रसंग त्यांना खटकतात. त्यांना हवा असतो नायिकेकडे पुरतं लक्ष देणारा, आतून मायाळू पुरुष. आणि पुस्तक उघडून बसणं म्हणजे घरातल्या सगळ्यांना, थोडा वेळ मला हाक मारू नका, असं सांगणं. दिवसभर दुसऱ्यांचं करणाऱ्या बाईचं कुणीतरी करतंय, असं त्या गोष्टीत घडतं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या वाचनालयातली दुपार आठवली.

अलीकडे लोकलच्या बायकांच्या डब्यात एक ओळखीची बाई भेटते. बँकेत आहे, कल्याणहून येते. उभ्याने, एका हाताने वरची कडी धरून, दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर मालिका-कथा वाचते. नायक एका मोठ्या कंपनीचा मालक, कमालीचा हुकूमशहा. मी तिला विचारलं, यात तुला काय आवडतं? ती म्हणाली, भाजी काय करायची इथपासून सासूबाईंच्या गोळ्या, मुलाची फी, सिलेंडर, सगळं दिवसभर मीच ठरवते. यात कुणीतरी तिच्यासाठी ठरवतो. आणि तिला ताप येतो तेव्हा मीटिंग सोडून येतो, तो भाग मी दोनदा वाचला. तिला धाक नको होता. तिला विसावा हवा होता, आणि तो तिला धाकाच्या पाकिटात घालून मिळत होता. तिला आवडलेल्या त्याच भागात मी नंतर पाहिलं. नायक आधी विचारतो, “जेवलीस का?” आणि पुढच्याच वाक्यात, “कुणाशी बोलत होतीस इतका वेळ?” पहिलं वाक्य काळजीचं, दुसरं पहाऱ्याचं. लेखिकेने दोन्ही एकाच मायेने लिहिली आहेत. माझं भांडण दुसऱ्या वाक्याशी आहे.

हा नायक एक काम करायचा, हेही मान्य केलं पाहिजे. चांगल्या घरातल्या मुलीने इच्छा दाखवायची नाही, पुढाकार घ्यायचा नाही, ही शिकवण जिथे पक्की होती तिथे सुख तर हवं आणि बोल मात्र लागू नये, याला उपाय एकच होता: त्याने जबरदस्ती करावी, म्हणजे ती निर्दोष. वुडिविसच्या काळच्या अमेरिकन गृहिणीला जे लागू होतं ते आपल्या गावोगावच्या मुलींना आजही बरंच लागू आहे. मुलीने स्वतःहून कुणाला आवडलास म्हटलं तर तिचंच नाव खराब होतं. इच्छेची शरम सोसायची नसेल तर इच्छेची जबाबदारी त्याच्यावर ढकलावी लागते. म्हणून मी या लेखिकांना दोष द्यायला धजत नाही. दोष द्यायचाच तर त्या शिकवणीला.

जेन ॲन क्रेंट्झ या प्रेमकथाकार बाईंनी १९९२ मध्ये आपल्या समव्यवसायी लेखिकांचे लेख एकत्र करून एक पुस्तक काढलं. त्याचा एक मुख्य मुद्दा असा, की अशा कथेत जिंकते ती नायिकाच. हा वाघासारखा माणूस शेवटी तिच्यापुढे नमतो. मुद्दा वजनदार आहे. पण नमतो म्हणजे काय होतं ते बघा. त्याचं मन बदलतं. घर कुणाच्या नावावर, धंदा कुणाचा, ती कुठे जाते यावर कुणाची माणसं नजर ठेवतात, यातलं काहीच बदलत नाही. उद्या त्याचं मन परत फिरलं तर तिच्या हातात काय? ज्या सुखाची हमी फक्त त्याच्या मनःस्थितीवर आहे त्याला विजय म्हणायला मी तयार नाही.

हे मी हवेत बोलत नाही. बाईला निघून जाता येतं का, हा प्रश्न आपल्याकडे एका बाईने कोर्टात लढवला. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. मोठ्या झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं. १८८४ मध्ये नवऱ्याने मुंबई हायकोर्टात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, पण अपिलानंतर १८८७ मध्ये दुसऱ्या न्यायाधीशाने हुकूम केला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. ‘केसरी’ त्यांच्याविरुद्ध होता. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या, आणि सुरत, राजकोटला त्यांनी कितीतरी वर्षं बायकांवर उपचार केले. त्या हुकुमामागचं तत्त्व अजून कायद्यात आहे. हिंदू विवाह कायद्याचं कलम ९ नवऱ्याला किंवा बायकोला जोडीदाराने परत नांदायला यावं असा दावा लावू देतं. आंध्र हायकोर्टाने १९८३ मध्ये ते घटनाबाह्य ठरवलं, सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्ये ते कायम ठेवलं.

मराठी लेखिकांना या दाराचं भान फार लवकर आलं होतं. विभावरी शिरूरकरांच्या ‘हिंदोळ्यावर’ची (१९३४) नायिका नवऱ्यापासून दुरावलेली आहे, ती दुसऱ्या पुरुषावर प्रेम करते, त्याच्यापासून मूल व्हावं अशी इच्छा धरते. मुंबई इलाख्यात हिंदूंना घटस्फोट देणारा कायदा १९४७ मध्ये आला. म्हणजे तिने हे सगळं कायद्याच्या तेरा वर्षं आधी मनात आणलं. मालतीबाई बेडेकरांनी ‘विभावरी शिरूरकर’ हे टोपणनाव का घेतलं असेल, ते वेगळं सांगायला नको. पुढे गौरी देशपांडेंच्या नायिका घरं सोडतात, देश सोडतात, परत येतात, परत जातात. त्यांचे पुरुष पुष्कळदा उंच, कर्तबगार, बायकांना हवेहवेसे वाटणारे असतात, अगदी प्रेमकथेतल्या नायकांसारखे. तरीही त्या कथा वाचताना गुदमरायला होत नाही. ती बाई केव्हाही उठून चालू लागेल हे तिलाही माहीत असतं आणि त्यालाही. दणकट, देखणा, थोडा हट्टी पुरुष मराठी कथेत चालत नाही असं कुणी म्हणू नये. चालतो, आणि झकास चालतो.

सध्या मराठीत सर्वांत जास्त प्रेमकथा कुठे लिहिल्या जातात? छापील कादंबरीत नाही. २०१४ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या प्रतिलिपीसारख्या ॲपवर, भागाभागांनी. लिहिणाऱ्यांत बायका पुष्कळ आहेत: गृहिणी, शिक्षिका, कॉलेजातल्या मुली, लहान लहान गावांतून मोबाइलवर टाइप करणाऱ्या. कुणा संपादकाची वा प्रकाशकाची परवानगी न काढता त्या लिहितात, वाचक मिळवतात, काहीजणींना चार पैसेही मिळतात. मराठी साहित्याच्या वर्तुळात या घडामोडीची नोंद घ्यायला हवी तेवढी घेतली गेलेली नाही, याचं मला वाईट वाटतं.

या कथांचा एक ठरलेला साचा आहे. नायिकेच्या वडिलांवर कर्ज, किंवा बहीण लग्नाच्या दिवशी पळून गेली, किंवा वर्षभराच्या करारावर लग्न. नायक कंपनीचा मालक, घरचे त्याला घाबरतात, हाताखालचे थरथरतात. लग्न होतं ते तिच्या मनाविरुद्ध. आणि मग पहिल्या रात्री एक गोष्ट घडते जी मी अनेक कथांत वाचली आहे. तो उशी उचलतो आणि सोफ्यावर झोपतो. तुझ्या मनाविरुद्ध तुला हात लावणार नाही, असं तुटकपणे सांगतो. सोफा आखूड, त्याचे पाय बाहेर, ती रात्रभर जागी. वाचणाऱ्या मुली या प्रसंगावर जीव टाकतात आणि मला त्यांचं फार बरोबर वाटतं. कारण भारताचा कायदा या लेखिकेपेक्षा मागे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही, बायको अठरा वर्षांची किंवा त्याहून मोठी असेल तर नवऱ्याने तिच्यावर केलेली जबरदस्ती बलात्कार धरली जात नाही. जुन्या दंडसंहितेतला तो अपवाद कलम ६३ मध्ये उतरला. दिल्ली हायकोर्टाच्या दोन न्यायाधीशांचं २०२२ मध्ये यावर एकमत झालं नव्हतं. जे संसदेला अजून जमलेलं नाही ते कुठल्यातरी गावातल्या एका मुलीने आपल्या नायकाकडून करून घेतलंय.

त्याच नायकाचं पुढचं वागणं मात्र बघवत नाही. सोफ्यावर झोपणारा हा माणूस सकाळी तिचा फोन तपासतो. तिने नोकरीचा राजीनामा द्यावा असं परस्पर ठरवतो. ती मैत्रिणीला भेटायला गेली तर ड्रायव्हरकडून खबर घेतो. वर्गमित्राशी हसून बोलली म्हणून फोन भिंतीवर फोडतो, आणि त्या भागाखाली बदाम आणि डोळ्यांत बदाम असलेल्या चेहऱ्यांची रांग लागते. तिच्या शरीराची परवानगी विचारायची हे लेखिकेला उमगलंय, तिच्या दिवसाची आणि तिच्या पगाराची परवानगी विचारायची हे अजून नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने भावनिक आणि आर्थिक छळ हाही छळच मानला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत, लग्न झालेल्या दर शंभर बायकांपैकी सुमारे २९ जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. फोन फोडणारा हात त्या आकड्यापासून फार लांब नसतो. ज्या मुली हे वाचतात त्यांना तो हात ओळखता यावा असं मला फार वाटतं, कारण पुष्कळदा त्यांना सावध करणारं दुसरं कुणी नसतं.

हा नायक असा का, याचं एक कारण लेखिकेच्या मनात नसून व्यवहारात आहे. कथा रोज एक भाग अशी चालते. पुढचा भाग वाचायला थांबावं लागतं किंवा पैसे मोजावे लागतात. भाग जितके जास्त तितका वाचक बांधलेला. नायिका विसाव्या भागात बॅग भरून माहेरी गेली आणि तिथे सुखाने राहिली तर दोनशे भाग कसे होणार? म्हणून तिला जाता येऊ नये अशी तजवीज आधीच केलेली असते: कर्ज, करार, आजारी वडील, अपमानाची भीती. गैरसमज दोन वाक्यांत मिटण्यासारखा असतो, पण ती दोन वाक्यं कुणी बोलत नाही. लेखिकेला कथा लांबवायची असते आणि त्याची किंमत नायिका मोजते.

आणखी एक बाजू आहे, ती लिहिताना हात जड होतो. महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत ‘एकतर्फी प्रेमातून’ हे शब्द वर्षानुवर्षं छापले जाताहेत. १९९० मध्ये उल्हासनगरला दहावीच्या परीक्षेला बसलेल्या मुलीला परीक्षा केंद्रात शिरून जाळलं. २०२० मध्ये हिंगणघाटला कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवलं. कुठल्याही कादंबरीने हे घडवलं असं मी म्हणत नाही. असे पुरुष प्रेमकथा वाचत बसत नाहीत. पण तिच्या नाहीचा अर्थ ती नंतर हो म्हणेल असा असतो, मागे लागत राहणं म्हणजे खरं प्रेम, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसवणारा सूर आपल्या गाण्यांत, पडद्यावर, मित्रांच्या कट्ट्यावर आणि प्रेमकथांतही एकच आहे. पाठलाग करणं हा २०१३ पासून गुन्हा आहे. प्रेमकथेत तो अजून पराक्रम आहे. निदान बायकांनी बायकांसाठी लिहिलेल्या गोष्टीत तरी तो नसावा, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

यावर बंदी, तक्रार, सेन्सॉर असलं काही मला नको आहे. चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’वर अश्लीलतेचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये ते सुटले. तोवर त्यांची किती वर्षं कोर्टकचेरीत गेली! शिवाय बंदी आली की आधी बायकांच्याच इच्छेवर येते. ॲपवर लिहिणाऱ्या मुलीने पहिल्यांदा स्वतःच्या नावाने प्रणय लिहिलाय, तिच्यावर संस्कृतिरक्षकांना सोडणं म्हणजे तिला पुन्हा गप्प बसवणं.

मला तिच्याशी बोलायचं आहे ते शेजारच्या टेबलावरच्या बाईसारखं. तुझा नायक राहू दे उंच, श्रीमंत, अबोल, पहिले दहा भाग अगदी खडूस. फक्त नायिकेच्या नावाने एक बँक खातं काढ आणि त्यात तिचा पगार जमा होऊ दे. तिला एक मावशी दे, साताऱ्याला किंवा अमरावतीला, जिच्या घरी ती विचारल्याशिवाय जाऊन राहू शकते. वडिलांचं कर्ज विसाव्या भागात फिटू दे, करार तिला फाडता येऊ दे. मग तिला एकदा खरंच जाऊ दे, चांगली दोन-तीन महिने. कथा थांबेल ही भीती बाळगू नकोस. तिथे तुला लिहायला पुष्कळ आहे. तिने मावशीकडे काय केलं, नोकरी कशी केली, रात्री त्याची आठवण आल्यावर फोन हातात घेऊन परत कसा ठेवला. आणि तो? त्याने माणसं पाठवली नाहीत, तिचं ऑफिस विकत घेतलं नाही, तिच्या दारात पावसात भिजत उभा राहून तिला सगळ्या गल्लीसमोर कोंडीत पकडलं नाही, तर तो काय करेल? ज्या माणसाला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही तो एका नाहीसोबत तीन महिने कसा राहतो, हे मला वाचायचं आहे.

आणि वाचक निघून जातील असंही मला वाटत नाही. मी वाचलेल्या काही मालिकांत नायिका खरोखर बॅग भरून बाहेर पडते, तेव्हा त्या भागाखाली प्रतिक्रियांचा नुसता पाऊस पडतो. लेखिकेला बाया बजावतात, तिला इतक्यात परत पाठवू नका.